ऑइल बदललं का?

मुजुमदारकाका मराठी आहेत हे आम्हाला बरेच दिवस माहीतच नव्हतं. बदली होऊन कोलकात्याला आलो, सॉल्ट लेकमधल्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं, तेव्हा आमच्या बरोबर खालच्या दारावर इंग्रजीत 'मुजुमदार' अशी पाटी होती. कोलकात्यात ही पाटी वाचून कुणाला मराठी माणूस आठवेल? जिन्यात ते उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ भेटले की मी आणि माझी बायको अनघा आमच्या तोडक्यामोडक्या बंगालीत 'भालो आछेन?', म्हणजे 'बरे आहात ना?', म्हणायचो. तेही गंभीर चेहऱ्यानं 'भालो, भालो' म्हणून खाली उतरायचे.

मग आम्ही गाडी घेतली. आयुष्यातली पहिली नवी गाडी. अनघानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मी चाकापुढे नारळ फोडला आणि तो नेमका उडून गाडीखाली गेला. तो काढायला मी गुडघ्यांवर बसलो असताना पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खणखणीत मराठीत आवाज आला.

"ऑइल कधी बदलणार?"

मी वर पाहिलं. "अहो, तुम्ही मराठी?"

"मी सांगलीचा. तुम्ही कोथरूडचे, तुमच्या सौभाग्यवती सातारच्या, आणि तुमच्या आईला इथलं पाणी मानवत नाही. आमच्या डोक्यावर राहता तुम्ही, सगळं ऐकू येतं. भांडता मराठीतच ना?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही भालो आछेन विचारत होतात. मी भालो होतो. ऑइल कधी बदलणार ते सांगा."

पायजमा आणि त्यावर जुनं स्वेटर अशा वेशात ते खाली आले. गाडीचा रंग, आतली गादी, पुढचा टचस्क्रीन, कशाकडेच त्यांनी पाहिलं नाही. बॉनेट उघडायला लावलं, ऑइलची पट्टी ओढून काढली, टोकाचा थेंब अंगठ्यावर घेतला आणि तर्जनीनं हळूहळू चोळत राहिले. मग वास घेतला. मग खिशातून एक काळपट फडकं काढून बोटं पुसली.

"पहिलं ऑइल हजार किलोमीटरला. कंपनीचं पुस्तक काहीही म्हणू दे."

"पुस्तकात तर दहा हजार किंवा एक वर्ष असं लिहिलंय."

"ते पुढचं. पहिल्याचं वेगळं असतं. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर घासून बसत असतात. त्यातून भुगा सुटतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. तो सगळा पहिल्या ऑइलमध्ये उतरतो. तेच ऑइल घेऊन तुम्ही दहा हजार पळवणार?" मग अनघाकडे वळून म्हणाले, "बाजारातून नवं पातेलं आणलं तर न धुता त्यात दूध तापवाल का?"

अनघा म्हणाली, "नाही."

"यांना समजावा मग."

यशवंत मुजुमदार एका सरकारी उद्योगाच्या वाहन विभागात इंजिनिअर म्हणून तरुणपणी इथे आले, आणि निवृत्त झाले तरी इथेच राहिले. ट्रक, जीपा, साहेबांच्या मोटारी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. इथल्या लोकांना ते बंगालीच वाटायचे. दुर्गापूजेची वर्गणी मागायला येणारी पोरं त्यांच्याशी 'आपले मोजुमदारकाकू' (बंगालीत काकांनाच काकू म्हणतात) म्हणून हक्कानं बोलायची आणि ते ती समजूत कधी दुरुस्त करत नसत. तळमजल्यावरचे घोषबाबू मात्र त्यांना 'बर्गी' म्हणून हाक मारायचे. बंगालवर चालून आलेल्या मराठी घोडेस्वारांना इथे बर्गी म्हणत, आणि त्यांच्या भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. कोलकात्यात आलेल्या प्रत्येक नव्या मराठी कुटुंबाला काका आपल्या जुन्या गाडीतून बागबाजारला नेत, त्या खंदकाची जागा दाखवायला. आम्हालाही नेलं. तिथे खंदक नाहीच, साधा रस्ता आहे, ट्रामच्या तारा आहेत, मिठाईचं दुकान आहे. काका खाली उतरले, हात करून म्हणाले, "हे इथे," आणि पुन्हा गाडीत बसले. जाता-येता सगळा वेळ ते थंड इंजिन एकदम रेस केल्यानं काय नुकसान होतं हेच सांगत होते.

दुसरा विषयच त्यांना नव्हता असं नाही. आमटीत गूळ किती असावा यावर ते बोलत, केतकीवर बोलत. केतकी ही त्यांची एकुलती मुलगी, पुण्यात नोकरीला. पण नवी गाडी घेतलेला माणूस समोर दिसला की बाकी सगळं मागे पडायचं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना त्यांनी शेजारच्या माणसाच्या कानाशी लागून विचारलेलं मी ऐकलंय, "नवीन घेतलीत म्हणे. ऑइल बदललं का?" सेक्टर फाइव्हच्या आयटी कंपनीतल्या एका मराठी मुलाच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात व्यासपीठावर जाऊन नवरदेवाला हेच विचारलं होतं. तो बिचारा 'हो काका, थँक यू' म्हणाला.

कुंदाकाकू यावर हसायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, सतत काहीतरी निवडत किंवा सोलत बसलेल्या. त्या सांगायच्या, "आमचं लग्न झालं तेव्हा यांनी नवी स्कूटर घेतली होती. तिच्यावरून मला महाबळेश्वरला नेलं. पण तिचे हजार व्हायचे होते ना! सगळा घाट तीसच्या वर काटा जाऊ न देता चढलो. मागून ट्रकवाले काय काय बोलत होते. मी नवी नवरी, मेंदीच्या हातांनी कान झाकून बसलेली."

"इंजिन अठरा वर्षं चाललं," काका म्हणायचे.

"माझे कान नाही चालले."

माझ्या गाडीचे हजार झाले तेव्हा ते स्वतः माझ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला आले. पहिली मोफत तपासणी होती. टाय लावलेला एक तरुण मुलगा टॅब घेऊन आला. काकांनी त्याला सांगितलं की ऑइल आणि फिल्टर बदलायचा. मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, पहिल्या सर्व्हिसला बदलत नाहीत. गरज नसते."

"गरज नसते म्हणजे? भुग्याचं काय?"

"सर, आता पार्ट फार बारकाईनं बनतात. ऑइल पण पूर्वीचं नाही, सिंथेटिक आहे. कंपनीच सांगते, वर्ष किंवा दहा हजार, जे आधी होईल ते. आत्ता बदललं तर चांगलं ऑइल फुकट जाईल."

"किती वर्षं काम करतोस?"

"चार, सर."

काकांनी खिशातलं फडकं काढून स्वच्छच असलेली बोटं पुसली. त्या मुलाचा स्वर उद्धट असता तर बरं झालं असतं. पण तो समजावून सांगत होता, म्हाताऱ्या माणसाला सांगतात तसं. परतीच्या वाटेवर काका काचेतून बाहेर बघत बसले. उल्टाडांग्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "म्हणजे आता सुटतच नाही भुगा?"

"काय माहीत, काका."

सिग्नल हिरवा झाला. बरंच पुढे आल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "सुटत असणार. लोखंड आहे शेवटी."

मी ऑइल बदललं नाही. वर्ष झाल्यावर कंपनीच्या नियमानं बदललं. गाडीला काहीही झालं नाही, आजही ती उत्तम चालते. हे मी त्यांना सांगितलं होतं. "बरं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर, निवृत्तीला दोन-तीन वर्षं झाल्यावर, काकांनी स्वतःची नवी गाडी घेतली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नव्या गाड्या सांभाळलेल्या माणसाची पहिली स्वतःची नवी मोटार, करड्या रंगाची, लहानशी. बेत ठरलेला होता. कोलकात्याहून स्वतः चालवत सांगलीला जायचं. वाटेत संबलपूर, रायपूर, नागपूर, प्रत्येक ठिकाणी मुक्काम. काकूंच्या माहेरी मिरजेला दारात गाडी उभी करायची. पण आधी हजार पुरे व्हायला हवेत, ऑइल बदलायला हवं, मगच लांब पल्ला.

"अहो, निघालो की वाटेतच होतील हजार," काकू म्हणाल्या.

"नव्या इंजिनाला एका दमात पळवायचं नसतं."

मग ते हजार जमवायला सुरुवात झाली. रोज सकाळी चहा घेऊन दोघं निघायचे. सॉल्ट लेकच्या गोल चौकांभोवती फिरायचे, राजारहाटच्या रिकाम्या रुंद रस्त्यांवरून जाऊन यायचे. काकूंच्या मांडीवर थर्मास आणि डब्यात पोहे. "चाळीस वर्षांत मला एवढं फिरवलं नव्हतं," काकू अनघाला सांगायच्या. त्या दिवसांत त्या कधी नव्हे त्या पंजाबी ड्रेस घालायला लागल्या होत्या. काका गॅलरीतून मला रोजचा आकडा सांगायचे. गॅरेजवाल्या बाप्पाला ऑइल आणि फिल्टर आणून ठेवायलाही सांगून झालं होतं.

हजाराला थोडेच उरले होते तेव्हा काका दाढी करता करता बेसिनपाशी कोसळले.

हॉस्पिटलमध्ये मी आणि घोषबाबूच त्यांना घेऊन गेलो. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचा गेली असं वाटलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी डोळे नीट उघडले तेव्हा आम्ही आत होतो. तरुण नर्स त्यांच्यावर वाकून मोठ्यानं नाव विचारत होती, "मोजुमदारबाबू, आपनार नाम की? नाम बोलुन."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ वाकडे झाले. घशातून ओढून काढल्यासारखं, पण स्पष्ट, त्यांनी म्हटलं, "ऑइल बदललं का?"

"की बोलछेन?" काय म्हणतायत, असं विचारत नर्सनं आमच्याकडे वळून पाहिलं.

पुन्हा तेच. "ऑइल बदललं का?"

डॉक्टर आले. त्यांनाही वाटलं बंगाली माणूस आहे, शब्द तुटून निरर्थक आवाज येतायत. ते शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत तसं सांगू लागले. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या एकदम पुढे आल्या. हिंदीत सुरुवात केली आणि मध्येच मराठीत गेल्या. "नहीं नहीं, डॉक्टरसाब, ये मराठी है! मराठीत बोलतायत ते! नीट बोलतायत! मिलिंद, सांगा ना यांना!"

मी वाक्याचा अर्थ सांगितला. काकूंचा चेहरा उजळला होता. माणूस बोलतोय, चुकीचं का होईना पण शुद्ध बोलतोय, म्हणजे हळूहळू सगळं परत येईल, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांनी बाहेर नेऊन मला समजावलं. बोलण्याचा भागच गेला आहे. कधीकधी अशा रुग्णाला एखादा शब्द किंवा एखादं वाक्य तेवढं उरतं, आयुष्यभर तोंडात बसलेलं. त्याला वाटतं आपण हवं ते बोलतोय, बाहेर मात्र तेच येतं. समजतं बऱ्यापैकी, बोलता येत नाही. सुधारेल का, या प्रश्नावर ते म्हणाले, थोडंफार. मग म्हणाले, फार आशा धरू नका.

हे काकूंना मीच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर, लिफ्टची वाट पाहताना, त्या अनघाला हळूच म्हणाल्या, "एकच काहीतरी राहायचं होतं तर माझं नाव राहिलं असतं, तर काय झालं असतं गं?"

घरी आणल्यावर त्या एका वाक्यावर दोघांचा संसार सुरू झाला. काकांना पाणी हवं असलं की ते म्हणायचे, "ऑइल बदललं का?" पंखा कमी करायचा असला, कूस बदलायची असली, टीव्हीवरच्या माणसाचा राग आला, सगळ्याला तेच. सुरुवातीला काकू घाबरून उत्तर द्यायच्या, "हो हो, बदललं." मग काका डाव्या हाताची मूठ पलंगावर आपटायचे. त्यांना पाणी हवं असायचं. हळूहळू काकूंना सूर कळू लागले. शेवटचा 'का' वर गेला की तहान. सगळं वाक्य सपाट आलं की दुखतंय. घाईघाईनं आलं की बाथरूम. आम्ही बसलो असताना काकू मध्येच उठून उशी सरकवायच्या, आम्हाला काही ऐकूसुद्धा आलेलं नसायचं.

घोषबाबू रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन यायचे आणि त्यांना बंगालीतून बातम्या वाचून दाखवायचे. काकांनी प्रश्न विचारला की ते डोळे न उचलता म्हणायचे, "हां हां, बोदले दियेछि." म्हणजे, हो हो, बदललंय. आणि पुढची बातमी.

मला मात्र ते जमलं नाही. एका रविवारी मी एकटाच त्यांच्यापाशी बसलो होतो. काकू स्वयंपाकघरात होत्या. काकांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. चांगलंच घट्ट. माझ्या तोंडाकडे बघत, अगदी हलक्या आवाजात, महत्त्वाची गोष्ट विश्वासानं सांगावी तसे ते बोलू लागले. "ऑइल बदललं का. ऑइल... ऑइल बदललं का. बदललं का." ते बराच वेळ बोलले. मध्ये थांबत, विचार करत, पुढे जात. डोळ्यांत पाणी आलं होतं. संपल्यावर उत्तराची वाट पाहत राहिले. मी म्हणालो, "हो काका. मी बघतो." त्यांनी माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी काय कबूल केलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

गाडी खालीच उभी होती, आच्छादन घालून. कधीमधी मी सुरू करून ठेवायचो. केतकी येऊन-जाऊन असायची. 'पुण्याला चला' म्हणायची. काकू म्हणायच्या, "जरा उभे राहू देत, मग बघू."

मग एकदा काका जेवायचेच थांबले. सकाळपासून तेच वाक्य, मोठ्यानं, रागानं. काकूंनी पाणी दिलं, कूस बदलली, पंखा कमी-जास्त केला, डॉक्टरांना फोन केला. काही उपयोग नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. समोर धरलेला घास त्यांनी उडवून लावला. गॅलरीकडे हात करून ओरडायचे. आम्ही त्यांना गॅलरीत नेऊन बसवलं तर आणखी चिडले. खाली बघायचे, आमच्याकडे बघायचे, ओरडायचे. चाळीस वर्षांत ज्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता असा माणूस. काकू शेवटी खुर्चीत बसून रडायला लागल्या. "काय हवंय हो तुम्हाला? मी काय करू?"

संध्याकाळी त्या धापा टाकत वर आमच्याकडे आल्या. दारातच म्हणाल्या, "मिलिंद, अहो, ऑइल म्हणतायत! खरंच ऑइल म्हणतायत!"

मला कळेना.

"गाडीला वर्ष झालं! वर्ष झालं की बदलायचं ना, न चालवता सुद्धा? मी आत्ता विचारलं, गाडीचं ऑइल का? तर मान हलवतायत, आणि... आणि हसले हो!"

दुसऱ्या दिवशी बाप्पाला बोलावलं. पन्नाशीचा, हाफ पँटमधला, कमी बोलणारा माणूस. मी आणि घोषबाबूंनी काकांना खुर्चीसकट खाली आणलं. गाडीवरचं आच्छादन काढलं, थोडा वेळ इंजिन चालू ठेवून गरम केलं, पुढची चाकं विटांवर चढवली. बाप्पा खाली सरकला, पत्र्याचं घमेलं लावलं, नट सोडला. ऑइल खाली आलं, जवळजवळ मधासारखं. बाप्पा खालूनच हिंदीत म्हणाला, "ये तो चला ही नहीं, दादा. अच्छा माल है, फेकना पड़ेगा."

काकांनी हात पुढे केला. काकूंनी घमेलं उचलून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी डावी तर्जनी बुडवली, अंगठ्याला लावली आणि चोळत राहिले. डोळे मिटले होते. मग त्यांनी बोट वर करून काकूंना दाखवलं. त्यावर काही होतं का? मला काही दिसलं नाही. बाप्पानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "हां, है थोड़ा." खरं म्हणाला की मन राखलं, देव जाणे. काकूंनी पदरानंच ते बोट पुसलं.

त्या दिवशी काका पोटभर जेवले. आणि त्यानंतर आठवड्याभरात काकूंनी मोटार चालवायला शिकायचं ठरवलं. "यांना एवढं कळतंय, म्हणजे आत सगळं आहे. मीच नेते यांना व्यायामाला. मग बघू, मिरजेलासुद्धा जाऊ."

साठीला आलेली बाई, सायकलसुद्धा कधी चालवली नव्हती. शिकवणाऱ्या मुलाला त्या दर वळणावर 'थांब, थांब' म्हणायच्या. फाटकाला उजवा दरवाजा घासला. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या, पुन्हा बसल्या, पास झाल्या. मग काका शेजारच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेले, काकू नाकावर चष्मा घट्ट करून स्टिअरिंगला लटकलेल्या, अशी ती गाडी फाटकातून निघायची. गिअर चुकला की आतून गर्जना यायची, "ऑइल बदललं का!" आणि काकू ओरडायच्या, "कळलं, कळलं, क्लच दाबते!" फिजिओथेरपीचं केंद्र दोन गल्ल्या पलीकडे होतं. त्या थंडीत काका काठीच्या आधारानं काही पावलं टाकायला लागले. अनघा म्हणाली, खरंच जातील बघ हे दोघं.

फेब्रुवारीत दुसरा झटका आला.

या वेळी हॉस्पिटलमधून परत आणलं तेव्हा ते आमच्याकडे बघायचे, पण नजर आमच्यावर थांबायची नाही. पावलं गेली. गिळणं अवघड झालं. आणि वाक्यही गेलं. तहान लागली आहे की दुखतंय हे काकूंना कळायला आता काही उरलं नाही. त्या तासातासाला अंदाजानं पाणी पाजायच्या, अंदाजानं कूस बदलायच्या. मी एकदा दार उघडं होतं म्हणून आत गेलो. काकू पलंगाच्या कडेला बसून त्यांच्या कानाशी बोलत होत्या. "विचारा ना. एकदा विचारा. मी सांगते हो म्हणून." काका छताकडे बघत होते. मी तसाच मागे फिरलो.

केतकीनं मग ऐकून घेतलं नाही. घर आवरलं गेलं. घरातल्या वस्तू वाटल्या गेल्या. गाडी बाप्पानंच कुणाला तरी मिळवून दिली. फार नव्हती चाललेली, किंमत बरी आली. ती न्यायला माणूस आला तेव्हा काकू खाली उतरल्या नाहीत. घोषबाबू निरोपाच्या दिवशी वर आले, काकांच्या पायाशी बसले, वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, आणि काही न वाचता निघून गेले.

पुण्यात काका आणखी वर्षभर होते. केतकीच्या दोन खोल्यांत जमेना, तेव्हा त्यांना शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं. काकू रोज दोन बस बदलून जायच्या. शेवटी शेवटी ते त्यांनाही ओळखत नव्हते, असं केतकी फोनवर म्हणाली. ते गेले त्या दिवशी काकूंची पहिलीच बस चुकली होती. पोचल्या तेव्हा पलंग रिकामा होता. आता काकू फारशा कुणाशी बोलत नाहीत. आम्ही फोन केला तर 'बरं आहे' म्हणतात आणि केतकीकडे देतात.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते दमदम विमानतळावर. ते पुण्याला निघाले त्या दिवशी आम्ही त्यांना सोडायला गेलो होतो. केतकी तिकिटांच्या कामासाठी पुढे आत गेली होती. निळा शर्ट घातलेला एक मुलगा चाकाची खुर्ची घेऊन आला. आम्ही काकांना उचलून तिच्यात बसवलं, मांडीवर शाल घातली. आम्हाला आत जाता येत नव्हतं. काकूंच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, खांद्याला पर्स, त्यात औषधं. फाटकावरच्या जवानानं कागद पाहिले आणि सोडलं.

काचेतून आत दिसत होतं. खुर्ची ढकलणारा मुलगा सरावलेला होता, भरभर चालत होता. काकू मागे पडल्या. एक पिशवी हातातून सुटली, ती उचलायला त्या वाकल्या. उठून पाहिलं तर खुर्ची बरीच पुढे गेली होती. त्यांनी हाक मारलेली दिसली. आवाज काचेबाहेर येत नव्हता, आणि आत त्या गर्दीत मुलालाही ऐकू गेला नसावा. काका समोर बघत होते. शाल एका बाजूनं घसरून जमिनीवरून ओढली जात होती. काकू पिशव्या सावरत धावायला लागल्या, त्यांना धावता येत नव्हतं. अनघानं काचेवर हात आपटला. आतल्या कुणी पाहिलं नाही. खुर्ची वळणावरून दिसेनाशी झाली, आणि काकू हॉलच्या मधोमध उभ्या राहून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला बघू लागल्या.